नादारीचा अर्ज : करावा की न करावा?

इंदूर शहरातील खजराना हा भाग तेथील गणेश मंदिरामुळे महाराष्ट्रातील भाविकांनाही परिचित आहे. फुले-प्रसाद विकणारे, शिवणकाम करणारे, रोजंदारीवर जाणारे अशा लोकांच्या घरी आजारपण, लग्नकार्य अथवा धंद्यातील खोट यांपायी काढलेले कर्ज फिटेनासे झाले, म्हणजे 'नादारी घ्यावी काय?' हा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर कर्जाच्या रकमेपेक्षा ऋणकोजवळ काय आहे आणि त्याच्यासाठी जामीन कोण राहिला आहे, यांवर अधिक अवलंबून असते.

प्रथम कायद्याची स्थिती पाहू. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत अल्प उत्पन्नाच्या माणसासाठी 'नवी सुरुवात' नावाची तरतूद आहे. वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० रुपयांपर्यंत, कर्ज ३५,००० रुपयांपर्यंत आणि स्वतःचे घर नसावे, अशा तिच्या अटी आहेत. आजच्या रोजमजुरीच्या मानाने या मर्यादा तोकड्याच म्हणाव्या लागतील. परंतु कंपन्यांच्या कर्जास वैयक्तिक जामीन राहिलेल्यांखेरीज इतर व्यक्तींना संहितेचा हा भाग लागू करण्यात आलेला नाही. म्हणून इंदूरच्या सामान्य ऋणकोस आजही प्रांतिक नादारी अधिनियम, १९२० अन्वये जिल्हा न्यायालयाकडेच जावे लागते. कर्ज ५०० रुपये असले तरी हा अर्ज करता येतो.

मात्र अर्जापूर्वी आपणांस भीती नेमकी कशाची आहे, ते तपासावे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची अवजारे, मजुराची मजुरी आणि रूढीप्रमाणे स्त्रीने अंगावेगळे करू नयेत असे दागिने जप्त होत नाहीत. पैशांच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीस अटक करता येत नाही. देण्याची ऐपतच नाही, एवढ्याच कारणावरून प्रामाणिक ऋणकोस तुरुंगात धाडता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात दिला. आपल्याकडे १८७५ च्या दंग्यांनंतर १८७९ च्या कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांची कर्जापायी होणारी कैद बंद झाली होती, हे येथे आठवते.

आता समजा, खजराना येथील एका शिंप्यावर ९०,००० रुपयांचे कर्ज आहे. घर भाड्याचे, जवळ एक शिलाई यंत्र आणि कर्जास मेहुणा जामीन. नादार ठरल्यावर न्यायालयाच्या परवानगीवाचून धनकोस या शिंप्याविरुद्ध वसुली चालविता येणार नाही, आणि पुढे मुक्तता मिळाली तर त्याचे कर्जही संपेल. परंतु जामीनदार मात्र सुटत नाही. धनको मेहुण्याच्या दारी जाईल, आणि ते नाते कोणते न्यायालय जोडून देणार? जामीनदार असेल तर अर्जापूर्वी त्याच्याशी बोलणे अगत्याचे आहे. सरकारी देणे, फसवणुकीने केलेले कर्ज व पोटगी हीदेखील मुक्ततेनंतर कायम राहतात. तारण ठेवलेल्या वस्तूवरील धनकोचा हक्कही अबाधित असतो.

अर्ज दिला म्हणजे काम झाले, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः नादार ठरविताना न्यायालय मुदत घालून देते व त्या मुदतीत मुक्ततेसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. तो न केल्यास नादारीचा हुकूमच रद्द होतो, आणि त्यानंतर पुन्हा अर्ज करण्यास न्यायालयाची परवानगी लागते. मालमत्ता रुपयामागे आठ आणेही भरत नसेल, तर तो दोष आपला नव्हे, हे ऋणकोस पटवून द्यावे लागते. दवाखान्याची बिले जपून ठेवावीत ती यासाठी. मुक्तता होईपर्यंत आपली स्थिती न सांगता ५० रुपये वा अधिक उधार घेणे हा गुन्हा आहे. किराणा उधारीवर चालणाऱ्या घरास ही अट फार जाचक ठरते. अर्जाआधी भावाच्या नावे घर करून देण्याचा सल्लाही ऐकू नये. दोन वर्षांच्या आतील असे हस्तांतरण न्यायालय रद्द करू शकते.

यावरून आमचे मत असे की, कर्ज एकाच धनकोचे असेल आणि जप्तीजोगे काही नसेल, तर आधी लोकअदालतीत तडजोड करून पाहावी. तेथे शुल्क नाही, आणि झालेला निवाडा हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो. धनको अनेक, हुकूमनामे झालेले, उत्पन्न वाढण्याची आशा नाही आणि जामीनदारही नाही, अशा स्थितीत मात्र नादारीचा अर्ज टाळण्याचे कारण उरत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रिया, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता, तर इतरांना ठरावीक मर्यादेपर्यंत विनामूल्य वकील मिळतो. जाताना सर्व धनकोंची नावे व रकमा, कर्जाचे कागद, पावत्या, न्यायालयाच्या नोटिसा आणि उत्पन्नाचा दाखला सोबत न्यावा. यादीतून एखादा धनको, मग तो नातलग का असेना, वगळू नये.