कोशातल्या किड्याचा वैरी

या पोरांनो, जवळ बसा. आपल्या आंधळगावच्या मागावरची कोसा साडी तुम्ही जन्मापासून पाहताय. त्या धाग्याची अळी येनाच्या झाडावर पाला खाते, अंगाभोवती टणक कोसा विणते आणि आत झोपी जाते. पण रेशमाच्या किड्यांचा एक वैरी आहे. त्याला ना दात, ना नखं. तो वैरी म्हणजे बुरशी.

बुरशीचा बीजाणू वाऱ्यावर येतो आणि अळीच्या कातडीला चिकटतो. ओल मिळाली की त्याला कोंब फुटतो. कातडी विरघळवणारा रस सोडत कोंब आत घुसतो आणि अळीला आतून खात सुटतो. अळी मरते, ताठ होते, अंगावर पांढरी पूड धरते. या रोगानं इटलीतले रेशीमवाले हवालदिल झाले होते. अगोस्तिनो बास्सी नावाच्या माणसानं वर्षानुवर्षं चिकाटीनं शोध घेतला आणि १८३५ साली दाखवून दिलं, की हा बुरशीचा संसर्ग आहे. सूक्ष्म जीवामुळे प्राण्याला रोग होतो, याचा तो पहिला पुरावा. त्या बुरशीला पुढं बास्सींचंच नाव मिळालं. किडी मारायला शेतकरी कृषी केंद्रातून बिव्हेरिया बॅसियाना आणतात ना, तीच ही.

तिची एक बहीण हिमालयात राहते. जमिनीतल्या अळीला मारून तिच्या डोक्यातून काडीसारखी वर येते. पिथोरागडकडचे लोक तिला कीडाजडी म्हणतात. दुसरी बहीण आहे कॉर्डिसेप्स मिलिटॅरिस. कोरियात ती रेशमाच्या कोशातल्या किड्यावर मुद्दाम वाढवतात. काही आठवड्यांत किड्याच्या अंगातून नारिंगी बोटं फुटतात. ती वाळवून औषध म्हणून विकतात.

या नारिंगी बोटांत कॉर्डिसेपिन नावाचं द्रव्य असतं. ते आपल्या पेशीतल्या एका नेहमीच्या घटकासारखंच दिसतं, फक्त त्यात ऑक्सिजनचा एक अणू कमी. पेशी असे घटक एकापुढे एक जोडून लांब साखळी विणते; ती फसते आणि त्या साखळीत यालाही ओवते. मागावर धाग्याला पुढचा धागा जोडायला टोकच उरलं नाही तर विणकर काय करणार? तशीच ती साखळी तिथंच थांबते. कर्करोगाच्या पेशींची वाढही अशीच थांबवता येईल का, म्हणून संशोधकांचं त्याच्याकडं लक्ष गेलं. पण तोंडावाटे घेतलेलं कॉर्डिसेपिन शरीर झटपट मोडून टाकतं. त्यामुळे त्याचं बदललेलं रूप तयार करून इंग्लंडमध्ये रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या.

आता याच कुळातली खरी कमाल ऐका. १९६९ साली नॉर्वेच्या पठारावरून आणलेल्या मातीत एक बुरशी सापडली. तिच्यापासून सायक्लोस्पोरिन हे औषध मिळालं. दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलं की आपलं शरीर ते परकं समजून नाकारतं. तो विरोध या औषधानं आवरला आणि अवयवरोपण खऱ्या अर्थानं साधू लागलं. पुढं १९९६ साली कळलं, की ही बुरशीसुद्धा भुंगेऱ्यांच्या अळ्यांवर वाढणारी!

मग बाजारातल्या कॉर्डिसेप्सच्या कॅप्सूल घ्याव्यात का? ताकद वाढते, साखर उतरते, रोगप्रतिकारशक्ती येते, असं डब्यांवर लिहिलेलं असतं. प्रयोगशाळेत आणि उंदरांवर काही आशादायक गोष्टी दिसल्या आहेत, पण माणसांवरच्या चाचण्या थोड्या आणि लहान आहेत. सायक्लोस्पोरिन औषध ठरलं ते शुद्ध करून, मात्रा ठरवून, रुग्णांवर पारखून घेतल्यावर. डब्यातली भुकटी त्या परीक्षेला अजून बसलेली नाही.

तुमच्या घरी कुणी मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेत असेल, कुणाचं अवयवरोपण झालं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशी कॅप्सूल देऊ नका, आणि तिच्या भरवशावर चालू औषध तर मुळीच बंद करू नका. त्यापेक्षा बुरशीचाच खाण्याजोगा प्रकार, म्हणजे आळंबी खायची तर खात्रीची आणा, चिरून थोडा वेळ उन्हात ठेवा म्हणजे तिच्यात ड जीवनसत्त्व तयार होतं, आणि मग भाजी करून पोटभर खा.