नेत्रजल

नेत्रजल किंवा ॲक्वियस ह्यूमर हा स्वच्छमंडल व नेत्रभिंग यांच्यामधील पोकळी भरून टाकणारा पारदर्शक द्रव होय. स्वच्छमंडलाचा मध्यभाग आणि नेत्रभिंग यांत रक्तवाहिन्या नसतात. त्या असत्या तर प्रकाशाला अडथळा झाला असता. त्यामुळे या भागांना ग्लुकोज व अन्य पोषकद्रव्ये मुख्यतः नेत्रजलातून मिळतात. थोडक्यात, ते रक्ताचे काम करते, पण त्याला रक्तासारखे असून चालत नाही.

रक्तद्रवाशी तुलना

नेत्रजल रक्तद्रवापासूनच तयार होते. सोडियमचे प्रमाण दोहोंत जवळजवळ सारखे असते. मोठा फरक प्रथिनांचा आहे. १०० मिलिलिटर रक्तद्रवात सुमारे ७ ग्रॅम प्रथिने असतात, तर तेवढ्याच नेत्रजलात जेमतेम २० मिलिग्रॅम. ग्लुकोज रक्तद्रवापेक्षा काहीसे कमी व लॅक्टेट अधिक असते. क जीवनसत्त्व मात्र रक्तद्रवाच्या सुमारे २० पट असते. दिवसा वावरणाऱ्या प्राण्यांत ते जास्त व निशाचरांत कमी आढळते, यावरून अतिनील किरणांपासून संरक्षणाशी त्याचा संबंध असावा असे मानले जाते.

ब्रिटिश नेत्रतज्ज्ञ स्टुअर्ट ड्यूक-एल्डर यांनी १९२७ मध्ये नेत्रजल म्हणजे रक्तद्रवाचे केवळ अपोहन होय, असे मत मांडले होते. परंतु निव्वळ गाळणीतून आलेल्या द्रवात एखादे द्रव्य मूळ द्रवाच्या वीसपट साठू शकत नाही. त्यासाठी पेशींना ऊर्जा खर्च करावी लागते.

निर्मिती

रोमक पिंडातील केशवाहिन्या सच्छिद्र असून त्यांतून रक्तद्रव, प्रथिनांसह, बाहेर झिरपतो. त्यापुढे पेशींचे दोन थर असतात. आतील रंगद्रव्यहीन थरातील पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की प्रथिने तेथेच अडतात. हाच रक्त-नेत्रजल अडथळ्याचा प्रमुख भाग. या पेशी सोडियम व अन्य आयन पलीकडे ढकलतात आणि त्यांच्यामागून पाणी जाते. दर मिनिटाला साधारण २ ते ३ मायक्रोलिटर नेत्रजल तयार होते. ते बाहुलीतून पुढे येते व मुख्यतः श्लेम नलिकेवाटे पुन्हा रक्तात मिसळते.

वैद्यकीय महत्त्व

डोळ्याच्या मध्यावरणाच्या दाहात हा अडथळा ढिला पडतो. प्रथिने आत शिरतात व एरवी न दिसणारा प्रकाशझोत, धुळीच्या खोलीतील कवडशासारखा, नेत्रजलात दिसू लागतो.

नेत्रजलाचा निचरा अडला की डोळ्यातील दाब वाढतो आणि काचबिंदूत दृक्-तंत्रिकेची कायमची हानी होऊ शकते. ॲसिटाझोलामाइड हे औषध नेत्रजलाची निर्मिती घटवते. दाब अचानक फार वाढल्यास शिरेतून मॅनिटॉल देतात. त्याने रक्तद्रवाचा तर्षणदाब वाढतो आणि डोळ्यातील, विशेषतः काचाभ द्रवातील, पाणी रक्तात ओढले जाते. रक्त-अपोहनात याच्या उलट घडू शकते. रक्तद्रवातील यूरिया झपाट्याने उतरतो, डोळ्यातील मागे राहतो आणि पाणी आत शिरते. निचऱ्याची वाट अरुंद असलेल्या काही रुग्णांत त्यामुळे दाब वाढून डोळा दुखतो. अशी तक्रार डोकेदुखी समजून सोडून देणे धोक्याचे ठरते.