मॉनिटर घेताना: रुंद पडदा की चौकोनी?

मॉनिटरच्या खोक्यावर ठळक छापलेला इंचांचा आकडा म्हणजे पडद्याचा कर्ण, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे तिरके अंतर. पडदा रुंद किती आणि उंच किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही. ते रुंदी आणि उंची यांच्या गुणोत्तरावर ठरते. बाजारात ज्याला 'स्क्वेअर' म्हणतात त्या जुन्या धाटणीच्या मॉनिटरचे गुणोत्तर ४:३ किंवा ५:४ असते. रुंद पडद्याचे, म्हणजे वाइडस्क्रीनचे, गुणोत्तर बहुतेक वेळा १६:९ आणि थोड्या मॉडेलांत १६:१० असते. कर्ण सारखाच ठेवून पडदा रुंद केला, की उंची घटते आणि एकूण क्षेत्रफळही कमी होते. १९ इंची ५:४ पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे ११३५ चौरस सेंटीमीटर भरते, तर १९ इंची १६:९ पडद्याचे जेमतेम ९९५. इंच तेवढेच, पण काच कमी. मॉनिटर निवडताना होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ इथे आहे.

४:३ हे माप संगणकाच्या फार आधीचे. १८९० च्या दशकात एडिसन यांच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन यांनी ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चार छिद्रांइतक्या उंचीची चौकट धरली आणि मूकपटांना तो आकार मिळाला. दूरचित्रवाणीने तोच उचलला, आणि दूरचित्रवाणीच्याच काचेच्या नळीवर चालणाऱ्या संगणकाच्या मॉनिटरकडे तो आपोआप आला. आयबीएमने १९८७ मध्ये आणलेल्या व्हीजीए पद्धतीतले ६४० × ४८० पिक्सेल, पुढचे ८०० × ६०० आणि १०२४ × ७६८, सगळे ४:३ च. सपाट एलसीडी आल्यावर १७ आणि १९ इंची मॉनिटरांसाठी १२८० × १०२४ हे माप रूढ झाले. त्याचे गुणोत्तर ५:४, म्हणजे आणखी थोडे चौकोनी. सरकारी कार्यालये, बँका, शाळांच्या संगणक प्रयोगशाळा अशा ठिकाणी हे मॉनिटर वर्षानुवर्षे टिकले.

सिनेमा मात्र १९५० च्या दशकातच रुंद झाला. घरात बसून दूरचित्रवाणी पाहणारा प्रेक्षक चित्रगृहाकडे परत यावा म्हणून अमेरिकेत १९५३ मध्ये सिनेमास्कोप हे रुंद पडद्याचे तंत्र आले. आपल्याकडे गुरुदत्त यांच्या 'कागज के फूल'ने १९५९ मध्ये ते प्रथम आणले. पुढे उच्च दर्जाच्या दूरचित्रवाणीचे मानक ठरवण्याचा प्रश्न आला, तेव्हा १९८० च्या दशकात अमेरिकी अभियंता कर्न्स पॉवर्स यांनी १६:९ हा मध्यम मार्ग सुचवला. जुने ४:३ चित्र आणि सिनेमाचे अतिरुंद चित्र, दोन्ही या चौकटीत फारशी जागा वाया न घालवता बसतात. थोडक्यात, १६:९ हा आकार चित्र पाहण्यासाठी ठरला. पत्र लिहिण्यासाठी किंवा हिशेब मांडण्यासाठी नव्हे.

संगणकाला तो मिळाला कारखान्यामुळे. एलसीडीचे पडदे काचेच्या मोठ्या तावांतून कापून काढतात. टीव्ही आणि मॉनिटर एकाच गुणोत्तराचे असले, की उत्पादन सोपे पडते आणि कर्णाच्या मानाने काचही कमी लागते. सुरुवातीचे रुंद मॉनिटर बहुतांशी १६:१० होते. २००८ ते २०१० च्या सुमारास उत्पादकांनी झपाट्याने १६:९ कडे मोर्चा वळवला. कार्यालयीन कामासाठी हा बदल मुळात गैरसोयीचाच होता. १२०० पिक्सेल उंचीच्या जागी १०८० आले आणि ओळींची संख्या घटली. पडदे स्वस्त झाले म्हणून कोणी फारशी तक्रार केली नाही.

गैरसोय कुठे होते, हे एक्सेलच्या एका कोऱ्या तक्त्यावर नेमके दिसते. त्यातली प्रत्येक आडवी ओळ सहसा २० पिक्सेल उंच असते आणि प्रत्येक स्तंभ ६४ पिक्सेल रुंद. एखाद्या कार्यालयाने जुना १९ इंची चौकोनी मॉनिटर, म्हणजे १२८० × १०२४ पिक्सेलचा, काढून त्या जागी १८.५ इंची रुंद मॉनिटर आणला असे समजा. त्याचे पिक्सेल १३६६ × ७६८ असतात. इंचांत फरक अवघा अर्ध्याचा. पण उंचीत २५६ पिक्सेल गेले, म्हणजे एका नजरेत दिसणाऱ्या बारा ओळी कमी झाल्या. त्या बदल्यात रुंदीत मिळाले ८६ पिक्सेल, म्हणजे एक स्तंभ आणि वर थोडी जागा. दिवसभर पगारपत्रक किंवा मालाची यादी भरणाऱ्या माणसाला हा व्यवहार तोट्याचाच. नवा मॉनिटर आल्यापासून सारखे वर-खाली सरकवावे लागते ही कार्यालयांतली तक्रार सवयीची नसून खरी असते.

हेच काम २४ इंची १९२० × १०८० च्या मॉनिटरवर केले, तर चित्र उलटते. जुन्या १९ इंची चौकोनी मॉनिटरच्या तुलनेत दोन-तीन ओळी जास्त दिसतात आणि दहा स्तंभ जास्त. कारण साधे आहे: ५:४ च्या १९ इंची पडद्याची उंची सुमारे ३०.१ सेंटीमीटर, तर १६:९ च्या २४ इंची पडद्याची २९.९. उंची जवळजवळ तीच राहिली आणि रुंदी साडेसदतीस सेंटीमीटरवरून त्रेपन्नवर गेली. १७ इंची चौकोनी मॉनिटर बदलायचा असेल, तर त्याच हिशेबाने साडेएकवीस इंची रुंद मॉनिटर उंचीला जुळतो; दोन्ही सुमारे २७ सेंटीमीटर उंच. टेप घेऊन जुन्या पडद्याची नुसती काच, कडा सोडून, मोजावी आणि नवा पडदा त्याहून बुटका नाही याची खात्री करावी. खोक्यावरच्या इंचांपेक्षा हे माप कितीतरी भरवशाचे आहे.

कागदाचा विचार केला, तर उंचीचे महत्त्व आणखी पटते. ए-४ कागद २१ सेंटीमीटर रुंद आणि २९.७ सेंटीमीटर उंच असतो. अर्ज, न्यायालयीन कागद, स्कॅन केलेले दस्त, नियतकालिकाचे पान, सगळे उभेच. १८.५ इंची रुंद पडद्याची एकूण उंची २३ सेंटीमीटर. त्यात वरची बटणांची पट्टी आणि खालचा टास्कबार यांनी जागा खाल्ली, की मूळ आकारातले अर्ध्याहून थोडेसेच अधिक पान दिसते आणि दोन्ही बाजूंची जागा मोकळी पडून राहते. रुंदी वाढल्याने एकाच मजकुराचे वाचन सुधारत नाही. फार लांब ओळ वाचताना नजर पुढच्या ओळीच्या सुरुवातीला नेमकी येत नाही, म्हणून पुस्तके आणि संकेतस्थळे ओळीची लांबी मर्यादितच ठेवतात.

रुंदीचा खरा उपयोग दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवण्यात आहे. २४ इंची पडद्यावर थोड्या लहान आकारात ए-४ ची दोन पूर्ण पाने बसतात: डावीकडे मूळ मजकूर आणि उजवीकडे भाषांतर, डावीकडे बिल आणि उजवीकडे हिशेबाची नोंद, डावीकडे ऑनलाइन वर्ग आणि उजवीकडे विद्यार्थ्याची वही. २००९ मध्ये आलेल्या विंडोज ७ पासून विंडोजचे चिन्ह असलेले बटण दाबून धरून डावा किंवा उजवा बाण दाबला, की चालू खिडकी पडद्याचा बरोबर अर्धा भाग व्यापते. ही सोय ठाऊक नसल्याने कित्येक जण रुंद मॉनिटरवरही एकच खिडकी पूर्ण पसरून काम करतात आणि मग पडद्याला दोष देतात. ज्यांच्या कामात सतत दोन कागद समोर लागतात, त्यांच्यासाठी पुरेशा उंचीचा रुंद मॉनिटर चौकोनीपेक्षा निःसंशय सरस आहे.

चित्रपटांच्या बाबतीत दोन्हीकडे थोडी तडजोड असते. आजच्या मालिका, सामने आणि बहुतेक व्हिडिओ १६:९ मध्ये चपखल बसतात. तेच चौकोनी पडद्यावर वर-खाली काळ्या पट्ट्यांसह लहान होतात. 'संत तुकाराम'सारखा १९३६ चा चित्रपट किंवा दूरदर्शनच्या जुन्या मालिका रुंद पडद्यावर लावल्या, तर काळ्या पट्ट्या डाव्या-उजव्या बाजूंना येतात. त्या येऊ द्याव्यात. त्या घालवण्यासाठी चित्र ताणले, की माणसे बसकी आणि चेहरे फुगलेले दिसतात, आणि जुन्या छायालेखकाने विचारपूर्वक केलेली रचना बिघडते.

आकाराइतकेच लक्ष पिक्सेलच्या दाटीकडे द्यायला हवे, आणि मराठीत काम करणाऱ्याने तर विशेष. रोमन अक्षराच्या मानाने देवनागरीत उभ्या दिशेने गर्दी जास्त: शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार, आणि 'ष्ट्र' किंवा 'ठ्ठ' यांसारखी जोडाक्षरे. बारीक टंकात अनुस्वाराच्या वाट्याला एखाद-दुसरा पिक्सेलच येतो. १९२० × १०८० पिक्सेल २४ इंचांत असले, तर एका इंचात सुमारे ९२ बसतात आणि अक्षर समाधानकारक दिसते. तेवढेच पिक्सेल २७ इंचांवर पसरले, की ही संख्या ८२ वर येते आणि अक्षरांच्या कडा खडबडीत दिसू लागतात. त्यामुळे २७ इंची घ्यायचाच असेल, तर तो २५६० × १४४० पिक्सेलचा घ्यावा. मुद्रितशोधन करणाऱ्यांनी यात काटकसर करू नये.

मॉनिटरच्या मूळ पिक्सेलसंख्येवरच संगणक चालवणे आवश्यक असते. जुना संगणक नव्या रुंद मॉनिटरला जोडल्यावर १०२४ × ७६८ चे चित्र आडवे ताणून दाखवतो असे अनेकदा घडते. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये योग्य पर्याय निवडला, किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने घातला, की बहुधा ते सुटते. जोडणीही पाहावी लागते. जुन्या मॉनिटरांना पंधरा पिनांची निळी व्हीजीए जोडणी असते, नव्या संगणकांना एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट. मध्ये कन्व्हर्टर लावून काम भागते, फक्त तो कोणत्या दिशेचा आहे हे पाहून घ्यावा लागतो.

बसण्याची पद्धतही निवडीवर परिणाम करते. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली आणि पडदा हातभर अंतरावर, अशी मांडणी मानेला सोसते. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा वापरणाऱ्यांना पडदा आणखी खाली लागतो, नाहीतर वाचताना हनुवटी सतत वर उचलावी लागते. स्वस्त मॉनिटरांचे स्टँड वर-खाली होत नाहीत. मागे ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतरावर स्क्रूची चार छिद्रे असली, तर पडदा धरणारा वेगळा धातूचा हात लावता येतो. काही स्टँडवर पडदा नव्वद अंशांत फिरवून उभा करता येतो. उभा केलेला २४ इंची मॉनिटर ३० सेंटीमीटर रुंद आणि ५३ उंच होतो. लांब मजकूर किंवा प्रोग्रॅम वाचणाऱ्यांना तो फार सोयीचा. मात्र पडदा आयपीएस प्रकारचा हवा. टीएन प्रकारचा पडदा उभा केला, तर दोन डोळ्यांना रंग वेगवेगळे भासतात.

रुंदीला उंचीची जोड हवी हे उत्पादकांनाही पुन्हा पटू लागले आहे. मायक्रोसॉफ्टच्या सरफेस प्रो ३ ने २०१४ मध्ये ३:२ चा पडदा आणला, आणि २०२० नंतर अनेक कंपन्यांचे लॅपटॉप १६:१० कडे परतले. टेबलावरच्या मॉनिटरांतही १९२० × १२०० पिक्सेलचे २४ इंची मॉडेल मिळते. त्याची उंची ३२ सेंटीमीटरच्या वर असते. किंमत थोडी जास्त पडते, पण मुख्यत्वे कागदपत्रांचे काम असलेल्यांनी आधी त्याचाच विचार करावा. उलट ३४ इंची २१:९ मॉनिटर दिसायला भव्य असला, तरी उंचीला २७ इंची नेहमीच्या रुंद मॉनिटरएवढाच असतो.

नव्या मालात ४:३ आणि ५:४ चे मॉनिटर आता मोजकेच मिळतात. चालू स्थितीतला १९ इंची चौकोनी मॉनिटर असेल, तर तो काढून १८.५ इंची रुंद घेण्यात काही अर्थ नाही. २४ इंची रुंद मॉनिटर घेतल्यावरही जुना टाकून देण्याची गरज नसते, कारण उंची जवळजवळ सारखी असल्याने दोन्ही शेजारी नीट जुळतात आणि दोघांतले पिक्सेलही साधारण एकाच आकाराचे असल्याने खिडकी एकावरून दुसऱ्यावर सरकवताना अक्षरे लहान-मोठी होत नाहीत. रुंद पडदा समोर ठेवावा, आणि ईमेल किंवा संदर्भाचा कागद बाजूच्या चौकोनी पडद्यावर.