शेकडा ३ चं कर्ज आणि येसरचा डबा

हिंगोली, सेनगाव, वसमतकडच्या मायबहिणींनो, आधी व्याजाचा हिशोब मांडा. सावकाराचं 'शेकडा ३' ऐकायला हलकं वाटतं, पण ते महिन्याचं असतं. म्हणजे वर्षाला ३६ टक्के! २०,००० रुपयांवर वर्षाला ७,२०० रुपये नुसतं व्याज, मुद्दल तिथंच. सरकारच्या 'उमेद' अभियानातल्या महिला बचत गटाला मात्र ३ लाखांपर्यंतचं बँक कर्ज ७ टक्क्यांनी मिळतं. त्याच २०,००० रुपयांवर वर्षाचं व्याज १,४०० पेक्षा जास्त होत नाही. त्यासाठी गटाची पंचसूत्री सांभाळावी लागते: आठवड्याची बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, नीट लिहिलेली वही. माझ्या मते यात वहीच सगळ्यात मोलाची.

व्याजात एवढा फरक पडतो, म्हणून सगळ्यात महाग कर्ज आधी फेडा, मग ते लहान असो की मोठं.

हप्ता चुकतो तो बहुतेक दगदगीच्या दिवशी. शेतातून उशीर, लेकरू तापलेलं, मग हॉटेलातून पार्सल, आणि हप्त्याचे पैसे त्यातच जातात. अशा दिवसासाठी येसर करून ठेवा. ज्वारी, गहू, हरभरा डाळ वेगवेगळं खमंग भाजायचं, धने, जिरे, मिरची घालून दळायचं. लसणाच्या फोडणीत पाणी उकळलं की पीठ कालवून सोडायचं. दहा मिनिटांत आमटी! सोबत भाकरी आणि कांदा. अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या घातल्या तरी घरभराचं जेवण होतं.

आणि सावकाराकडे परवानाच नसेल, तर तशी सावकारी महाराष्ट्रात गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधक कार्यालयात करता येते. त्रास सोसत बसू नका, जा.