फ्रान्सिस पर्किन्स : अमेरिकेच्या पहिल्या महिला मंत्री

२५ मार्च १९११. न्यूयॉर्कमधील ट्रायँगल या तयार कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. एका दाराला कुलूप होते. जिवाच्या आकांताने मुलींनी वरच्या मजल्यांवरून उड्या घेतल्या. १४६ जण दगावले, त्यांत बहुतेक स्थलांतरित तरुणी. खाली रस्त्यावर फ्रान्सिस पर्किन्स हे सारे पाहत होत्या.

पुढे त्यांनी कारखान्यांतील सुरक्षिततेच्या कामाला वाहून घेतले. १९३३मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी कामगारमंत्रिपद देऊ केले, तेव्हा होकार देण्याआधी त्यांनी आपल्या मागण्यांची यादीच पुढे ठेवली : किमान वेतन, कामाच्या तासांना मर्यादा, बालमजुरीला बंदी, बेकारी विमा, वृद्धांना निवृत्तिवेतन, आरोग्य विमा. १९३५चा सामाजिक सुरक्षा कायदा आणि तासाला किमान २५ सेंट मजुरी ठरवणारा १९३८चा कायदा यांमुळे त्यातले बरेच प्रत्यक्षात उतरले. आरोग्य विमा मात्र राहूनच गेला. शेतमजूर आणि घरकामगारही या संरक्षणाबाहेर राहिले. ही उणीव लहान नव्हती.

कामगार नेते हॅरी ब्रिजेस यांच्या हद्दपारीची कारवाई लांबणीवर टाकल्याबद्दल १९३९मध्ये पर्किन्स यांच्यावर महाभियोगाचा ठराव आला. तो बारगळला.

१२ वर्षे त्यांनी कामगार खाते सांभाळले. इतका काळ ते दुसऱ्या कोणाकडेही राहिलेले नाही. वॉशिंग्टनमधील कामगार खात्याच्या मुख्यालयाला १९८०पासून त्यांचे नाव आहे.