दुसऱ्या मिस्त्रीचे मत

घरातल्या माणसाला डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली, की आपण आणखी एका डॉक्टरला दाखवतो. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान झाला, असे कोणी मानीत नाही. मोटारीच्या बाबतीत मात्र आपण मध्यमवर्गीय माणसे मोठी भिडस्त! मिस्त्रीने बॉनेटखाली डोकावून मान हलवली आणि "इंजिन खोलावे लागेल" असे म्हटले, की आपला हात मुकाट्याने पाकिटाकडे जातो. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर माझाही तसाच जाणार होता.

आम्ही डहाणूला राहतो. मी शाळामास्तर. गाडी अकरा वर्षांची, पण ती चैनीसाठी ठेवलेली नाही. आईच्या डोळ्याच्या पडद्याला मधुमेहाने सूज आली आहे आणि दर महिन्याला वापीला नेऊन तिच्या डोळ्यात इंजेक्शन द्यावे लागते. एकही खेप चुकवू नका, अशी डॉक्टरांची ताकीद. ऐंशीच्या घरातल्या म्हातारीला रेल्वेच्या गर्दीत चढवण्याचे धाडस मला होत नाही.

त्या खेपेला वापीहून परतताना आच्छाडचा सीमानाका ओलांडला आणि तलासरीच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली. पुढे ट्रक, मागे ट्रक, आणि आमची गाडी मुंगीच्या पावलाने सरकते आहे. एवढ्यात उष्णतेचा काटा वर चढू लागला आणि बॉनेटमधून वाफ आली. गाडी कडेला घेतली. तासाभराने इंजिन निवल्यावर आईच्या पिण्याच्या पाण्याच्या दोन बाटल्या त्यात ओतल्या. तोवर रस्ता मोकळा झाला होता. चारोटी नाक्यावरून वळून आम्ही घरी पोहोचलो, तेव्हा काटा पुन्हा जागेवर होता.

दुसऱ्या दिवशी गाडी आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे नेली. वीस वर्षांची ओळख. त्यांनी कूलंटची टाकी पाहिली, ती निम्मी रिकामी होती. "सर, हेड गॅस्केट गेले. पाणी आत जळते आहे. हेड उतरवावे लागेल. पस्तीस हजार धरा आणि दहा दिवस. आणि हो, तोवर गाडी चालवू नका."

पस्तीस हजार! मुलाच्या पुढच्या सत्राच्या फीसाठी बँकेत ठेवले होते, नेमके तेवढेच. शिवाय दहा दिवसांच्या आत आईची पुढची तारीख येत होती. मी "विचार करून सांगतो" एवढेच बोललो, पण मनात होकार देऊन चुकलो होतो.

रात्री जेवताना सौ. म्हणाली, "अहो, आणखी कुणाला तरी दाखवा ना."

"वीस वर्षांच्या माणसावर अविश्वास दाखवायचा?"

"आईंच्या डोळ्याचे काय झाले होते, विसरलात? पहिले डॉक्टर वयोमान म्हणाले. दुसऱ्यांनी पडदा तपासला, म्हणून आज त्यांना थोडेफार दिसते. पहिले डॉक्टर काय लबाड होते?"

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा टेम्पो आहे. त्याने तलासरीचा एक मिस्त्री सांगितला. रविवारी पहाटे पाण्याचे दोन कॅन घेऊन मी एकटाच निघालो. काळीज धडधडत होते. महालक्ष्मीच्या डोंगराला मनोमन हात जोडले. पण नवल असे, की मोकळ्या रस्त्यावर तासभर गाडी चालली तरी काटा तसूभर हलला नाही.

मिस्त्री म्हणजे तिशीतला तरुण. तिथल्याच एका पाड्यावरचा, वापीच्या गॅरेजात काम शिकून आलेला. आधी तो मलाच रागावला. "हेड गॅस्केट सांगितले होते तर चालवत कशाला आणली? टो करून आणायची, नाहीतर मला बोलवायचे. खरेच गॅस्केट गेले असते तर इंजिन बसले असते!" मी गुन्हेगारासारखा उभा राहिलो.

मग त्याने बॉनेटला हात न लावता प्रश्न विचारायला सुरुवात केली. गाडी कधी तापते? धावताना की उभी असताना? धूर पांढरा येतो का? पाणी एकदाच कमी झाले की रोज होते? मी सगळे सांगितले. सांगता सांगता माझ्या लक्षात आले, की यातले काहीच मी पहिल्या मिस्त्रीला सांगितले नव्हते. त्यांनी विचारले नाही, मीही बोललो नाही.

इंजिन निवल्यावर त्याने ऑईलची पट्टी ओढून दाखवली. "पाणी ऑईलमध्ये गेले असते, तर हे दूध घातलेल्या कॉफीसारखे दिसले असते." ते स्वच्छ होते. मग रेडिएटरचे झाकण काढून इंजिन सुरू केले. गॅस्केट फुटले असेल तर इंजिनातला वायू पाण्यात शिरतो आणि सारखे बुडबुडे येत राहतात. ते आले नाहीत. झाकण लावून त्याने गाडी तशीच उभ्याने चालू ठेवली. काटा मध्यावर आला, मध्य ओलांडून वर गेला. "आता पंखा पाहा," तो म्हणाला. रेडिएटरचा पंखा ढिम्म! त्याने लगेच इंजिन बंद केले.

मला पंख्याचे सुचलेच नव्हते. माझ्या वडिलांकडे फियाट होती, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. त्याच जातीची मुंबईतली शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून गेली. त्या गाडीचा पंखा पट्ट्यावर चाले. इंजिन फिरले की पंखा फिरलाच. आताच्या गाडीचा पंखा विजेवर चालतो आणि पाणी ठराविक तापले म्हणजेच सुरू होतो. गाडी वेगात असली तर समोरचा वाराच रेडिएटर थंड ठेवतो, पंख्याची उणीव कळत नाही. रांगेत उभे राहिले, की बिंग फुटते!

त्याने फ्यूज पाहिला, तो ठीक होता. बॅटरीवरून थेट तारा जोडल्या तर पंखा गरकन फिरला, म्हणजे मोटर ठणठणीत. मग डब्यातला तशाच आकाराचा दुसरा रिले काढून पंख्याच्या जागी बसवला. इंजिन तापताच पंखा आपोआप सुरू झाला. काड्यापेटीपेक्षाही लहान असा एक रिले, त्याने ही सारी धांदल उडवली होती. पाणीसुद्धा गॅस्केटने गिळले नव्हते, ते उकळून बाहेर गेले होते.

नवा रिले, साधे पाणी काढून भरलेले कूलंट आणि मजुरी मिळून साडेअकराशे रुपये झाले. पैसे घेताना तो म्हणाला, "आठ दिवस रोज सकाळी टाकीची खूण पाहा. गळती नसताना पाणी उतरले, तर पहिल्या मिस्त्रींचेच खरे. मग इंजिन खोलू." पहिल्या माणसाबद्दल एक वाकडा शब्द नाही. खरे सांगतो, मला त्याचे हेच मत सर्वांत मोलाचे वाटले. आठ दिवस खूण पाहिली. पाणी उतरले नाही.

आमच्या जुन्या मिस्त्रींना मी सारे सांगितले. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "टाकी रिकामी दिसली आणि मी तिथेच थांबलो. पंखा पाहायला हवा होता." वीस वर्षांची ओळख तुटली नाही. सर्व्हिसिंगला गाडी आजही त्यांच्याकडेच जाते.

वाचकहो, या अनुभवावरून चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. गाडी केव्हा, कुठे, कशी बिघडली ते कागदावर लिहून न्या. मिस्त्रीने दोष सांगितला, की "कशावरून?" एवढे नम्रपणे विचारा, जाणत्याला त्याचा राग येत नाही. मोठा खर्च असेल तर अंदाजपत्रक लिहून घ्या, बदललेला भाग परत मागा आणि पक्के बिल घ्या. दुरुस्ती ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवाच आहे आणि तक्रारीच्या वेळी बिलाचा कागदच कामी येतो. दुसरे मत घेताना पहिले मत आधी सांगू नका, लक्षणे तेवढी सांगा. मी नेमका इथेच चुकलो होतो. तरी तो तरुण माझ्या बोलण्याला बळी पडला नाही. आणि दुसरा म्हणतो तेच खरे, असेही धरून चालू नका. दोघांपैकी तपासून कोण दाखवतो, ते पाहा.

पुढच्या गुरुवारी आईला घेऊन वापीला निघालो. तलासरीजवळ पुन्हा तीच रांग. माझी नजर काट्यावर खिळलेली. बॉनेटखालून पंख्याची घरघर ऐकू आली आणि जीव भांड्यात पडला.

शेजारून आईने विचारले, "काटा कुठे आहे रे?"

"मध्यावर आहे, आई."

ती पुढे वाकली, डोळे बारीक करून तिने पाहिले आणि म्हणाली, "हो. मलाही दिसतोय."