चुकीनंतरची चाल

आमच्या घरातल्या लोखंडी कपाटात कागदांचा एक जाड गठ्ठा आहे. गेली वीस वर्षं दर रविवारी सकाळी वास्कोतल्या माझ्या पुढच्या खोलीत मुलं बुद्धिबळ खेळायला येतात. त्यांनी स्पर्धांत लिहिलेले डाव मी त्यात जपून ठेवले आहेत. 2025 च्या नोव्हेंबरात हडफड्याला बुद्धिबळाचा विश्वचषक संपला आणि त्यानंतरच्या एका संध्याकाळी मी तो गठ्ठा खाली काढला. बसलो होतो चाली तपासायला. पण नजर अडकली ती अक्षरावर.

डावाच्या सुरुवातीला प्रत्येक मुलाचं अक्षर नीट असतं. वीस-पंचवीस चालींपर्यंत रांग सरळ जाते. मग कुठेतरी एक प्यादं फुकट जातं, घोडा अडकतो, आणि त्याच्या पुढच्या ओळीपासून अक्षर बिघडतं. आकडे एकमेकांवर चढतात, एखादी चाल लिहायचीच राहते, एकाची चाल दुसऱ्याच्या रकान्यात पडते. अशा कागदांवर डावाचा निकाल मी शेवटची ओळ न बघता सांगू शकतो. पहिल्या चुकीने डाव गेला असं क्वचितच दिसलं. डाव गेला तो तिच्या पाठोपाठ, दोन-तीन चालींत झालेल्या दुसऱ्या चुकीने. पहिली चूक पटावर झाली होती. दुसरी झाली तेव्हा मूल पटावर नव्हतंच. ते घरी पोचलं होतं, बाबांना काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होतं.

ही साधी गोष्ट मला फार उशिरा कळली. तोवर मी स्वतः मुलांच्या डोक्यावर बरंच ओझं ठेवून बसलो होतो.

गोव्यात बुद्धिबळाचं वारं जोरात सुटलं ते 2006 साली. त्या वर्षी जॉर्जियातल्या बातुमी शहरात आपली सात वर्षांची इव्हाना फुर्तादो आठ वर्षांखालील मुलींची जगज्जेती झाली. पुढच्याच वर्षी तुर्कीतल्या केमेरला तिने ते पद राखलं. इवल्याशा पोरीने गोव्याचं नाव दोनदा जगात नेलं, याचा आनंद आम्हाला घरचं कार्य निघाल्यासारखा झाला. पेडण्यापासून काणकोणापर्यंत घरोघरी पट आले. माझ्याकडे मुलं वाढली ती त्याच लाटेत. पण त्या आनंदाबरोबर एक मोजपट्टीही घरात शिरली. पाच वर्षांच्या मुलाला माझ्याकडे आणून सोडताना पालक विचारू लागले, ‘सर, किती वर्षांत रेटिंग येईल?’ आणि मी आकडा सांगत असे. आज वाईट वाटतं ते त्या आकड्याचं.

त्याच काळातली एक मुलगी आठवते. राज्य पातळीच्या एका स्पर्धेत शेवटच्या फेरीआधी ती आघाडीवर होती. फेरी सुरू होण्याआधी मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, ‘बाय, बरोबरी केलीस तरी चालेल, पहिला नंबर आपलाच.’ मला वाटलं, मी तिला धीर दिला. प्रत्यक्षात मी तिच्या हातातला डाव काढून घेतला आणि त्याजागी एक हिशेब ठेवला. एक हत्ती जास्त असताना तिने बरोबरीसाठी सोंगट्या मारामारीत घालवायला सुरुवात केली, घाईत राजाची चाल चुकली आणि ती हरली. परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. पुढल्या रविवारी ती आली नाही. तिचा तो कागद माझ्याजवळ आहे. तिसाव्या चालीनंतर अक्षर वाचता येत नाही.

हे फक्त लहान मुलांचं होतं असं नाही, हे मला 2022 च्या ऑगस्टमध्ये लख्ख दिसलं. चेन्नईजवळ मामल्लपुरमला ऑलिंपियाड भरलं होतं. भारताचा महिलांचा पहिला संघ शेवटच्या फेरीपूर्वी आघाडीवर होता आणि त्या संघात आपली भक्ती कुलकर्णी होती. ताश्कंदला 2016 मध्ये आशियाई विजेती झालेली, राष्ट्रीय स्पर्धा जिंकलेली, मुरलेली खेळाडू. शेवटच्या फेरीत अमेरिकेविरुद्ध दोन पटांवर बरोबरी झाली, तानिया सचदेव आणि भक्ती आपापले डाव हरल्या, संघ 1–3 असा हरला. सुवर्ण हातचं गेलं, कांस्य मिळालं. त्या रात्री आमच्याकडे फोनवर जो तो हळहळत होता. पण भारतीय महिलांनी ऑलिंपियाडमध्ये मिळवलेलं ते पहिलंच पदक होतं, हे कुणाच्या तोंडी नव्हतं. आपण बाहेर बसून खेळाडूंवर दडपण घालतो ते असं.

त्याच ऑलिंपियाडमध्ये सोळा वर्षांच्या गुकेशने पहिले आठही डाव जिंकले होते. दहाव्या फेरीत उझबेकिस्तानच्या अब्दुसत्तोरोवविरुद्ध त्याच्याकडे जिंकण्याजोगा डाव होता. बरोबरी घेणं हातात असताना तो जिंकायला गेला, शेवटी वेळ संपत आली असताना घोडा फुकट दिला आणि हरला. खुल्या गटाचं सोनं उझबेकिस्तानने नेलं. सगळं संपल्यावर गुकेश खुर्चीत डोकं धरून बसला होता, ते चित्र मी मुलांना पुन्हा पुन्हा दाखवतो. आणि त्याला जोडून दुसरं: 2024 च्या नोव्हेंबरात सिंगापूरला जगज्जेतेपदाच्या लढतीचा पहिलाच डाव पांढऱ्या सोंगट्या असताना तो डिंग लिरेनशी हरला. दुसऱ्या दिवशी त्याने काळ्या सोंगट्या घेऊन शांतपणे बरोबरी केली आणि तिसरा डाव जिंकला. 12 डिसेंबरला चौदाव्या डावात, बरोबरीकडे चाललेल्या स्थितीत, डिंगच्या हातून 55 व्या चालीला हत्तीची चूक झाली आणि अठरा वर्षांचा मुलगा जगज्जेता झाला. या लढतीच्या तयारीत त्याच्याबरोबर मनाची तयारी करून घेणारे प्रशिक्षक पॅडी अप्टन होते. 2011 चा विश्वचषक जिंकणाऱ्या आपल्या क्रिकेट संघाबरोबर होते तेच. मनाच्या तयारीसाठी वेगळा माणूस लागतो, त्यात कमीपणा नाही, हे आमच्या पालकांना पटवायला मला गुकेशचं नाव फार उपयोगी पडलं.

या सगळ्याआधी कोरोनाची साथ आली होती. 2020 च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं आणि माझी पुढची खोली रिकामी पडली. आपला लिऑन मेंडोन्सा तेव्हा वडिलांबरोबर युरोपात होता, तिथेच अडकला. हंगेरीत राहून मिळेल ती स्पर्धा तो खेळत गेला आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत किताबासाठी लागणारे तिन्ही नॉर्म पूर्ण करून, चौदा वर्षं नऊ महिन्यांचा असताना ग्रँडमास्टर झाला. 2017 च्या अनुराग म्हामलनंतर गोव्याचा दुसरा. घरापासून दूर, परत कधी जायचं याचा पत्ता नाही, अशा दिवसांत हा मुलगा एकेका डावापुरता जगला असणार. लिऑन व्हायोलिन वाजवतो, हे मला त्याच्या खेळाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

माझी मुलं मात्र त्या दिवसांत मोबाइलवर होती. काही बुद्धिबळ खेळत, बरीचशी पबजी; सप्टेंबरात त्यावर बंदी आली तेव्हा घराघरांत रडारड झाली. मी ऑनलाइन डाव बघायला लागलो तसं कळलं की दोन्हींत रोग एकच आहे. हरलं की लगेच ‘अजून एक’. तीन मिनिटांचा डाव हरायचा, रागाच्या भरात पुढचा सुरू करायचा, तोही हरायचा. रात्री अकरापर्यंत दोनशे गुण घालवून मूल झोपायला जायचं आणि झोप यायची नाही. मी एक नियम केला: लागोपाठ दोन डाव हरलात की फोन आईकडे. पहिल्या आठवड्यात मुलं चिडली. पण तो नियम अजून टिकला आहे.

वास्कोतली मुलं म्हणून आणखी एक गोष्ट मनात सलते. जर्मनीतल्या स्पर्धांत खोलीतली हवा मोजून संशोधकांनी खेळाडूंच्या चाली तपासल्या होत्या. हवेतले बारीक कण वाढले की मोठ्या चुका वाढतात, आणि वेळेची टंचाई असताना जास्तच वाढतात, असं त्यांना दिसलं. बंदरावरच्या कोळशाची काळी पूड ज्यांच्या खिडक्यांच्या कठड्यांवर रोज बसते त्या मुलांना ‘लक्ष दे, लक्ष दे’ असं सांगताना मला हे आठवतं.

लक्ष परत कसं आणायचं, हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही, एका मुलाने शिकवलं. तो भजनात पखवाज वाजवतो. वास्कोच्या दामोदराच्या सप्ताहात चोवीस तास अखंड भजन चालतं, आणि पहाटेच्या वेळी थकलेल्या हातांकडून मात्रा निसटतेच. मी त्याला विचारलं, चुकलास तर काय करतोस? तो म्हणाला, ‘सर, थांबत नाही. टाळ ऐकतो आणि समेवर परत येतो.’ त्याला यात विशेष काही वाटलं नाही. मी मात्र रात्रभर विचार करत राहिलो की पटावर सम कुठे असते.

मला सापडली ती त्या कागदावरच. तीस सेकंदांची वाढीव वेळ असलेल्या डावात शेवटच्या चालीपर्यंत लिहावंच लागतं. चूक झाली की मुलं ते लिहिणं उरकतात. मी उलट सांगायला लागलो: चूक झाली की समोरच्याची चाल आधी लिही, आणि पहिल्या चालीइतक्या चांगल्या अक्षरात लिही. मग सगळा पट बघ, जसा शेजारच्या टेबलावरचा परक्याचा डाव बघतोस तसा. त्याला चार-पाच सेकंद लागतात. दडपण त्याने जात नाही, हे मुलांना स्पष्ट सांगतो. छाती धडधडतेच. हात मात्र कामाला लागतो आणि नजर घरून परत येते.

विश्वचषकाला मी मुलांना हडफड्याला घेऊन गेलो. जुवारीच्या नव्या पुलावरून जाताना बसमध्ये नुसता कल्ला होता. 206 खेळाडू, हरला तो घरी. त्याच वर्षी जुलैत नागपूरची दिव्या देशमुख बातुमीला, इव्हाना जिथे जिंकली त्याच गावी, कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिलांचा विश्वचषक जिंकली होती; एकही नॉर्म हाती नसताना थेट ग्रँडमास्टर. इथे ती पहिल्याच फेरीत हरली. जगज्जेता गुकेश तिसऱ्या फेरीत गेला. आपल्यांपैकी अर्जुन एरिगैसी सर्वांत पुढे, उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचला आणि टायब्रेकमध्ये वेई यीकडून हरला. शेवटी उझबेकिस्तानचा एकोणीस वर्षांचा सिंदारोव जिंकला. ‘घरच्या दडपणाने आपले हरले’ असं परतताना एका पालकाने ठासून सांगितलं. मला ते पटलं नाही. समोरचाही चांगला खेळतो, एवढी जागा आपण हरण्यात ठेवली पाहिजे.

परवा एका स्पर्धेहून परतलेल्या मुलीने, अकरा वर्षांची आहे, तिचा कागद माझ्या हातात दिला. 27 व्या चालीला तिने उंट घालवला होता. 28 वी चाल वाचली, 29 वी वाचली. रांग सरळ होती. ती 64 व्या चालीला हरली, आणि 64 वी चाल पहिल्या चालीसारखीच गोल, टपोऱ्या अक्षरात लिहिली होती. मी तिला विचारलं, ‘किती वेळ झाला खेळून?’ ती म्हणाली, ‘चार तास, सर. भूक लागली होती.’